बिलावरचा नवा पंप

बिल मी जपून ठेवलंय. त्यावर टायमिंग बेल्ट बदलल्याची एक ओळ आहे आणि तिच्याखाली वॉटर पंप बदलल्याची. पंपाचे १८० डॉलर, मजुरी वेगळी. पैशांचं मला फारसं दुःख नाही. संताप येतो तो त्या दुसऱ्या ओळीचा.

गाडी २००३ची टोयोटा टॅकोमा, ३.४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन. कॅलिफोर्नियात माझा रोपांचा छोटा धंदा आहे, लिव्हरमोरहून ट्रेसीला रोपं आणि मातीच्या गोण्या न्यायच्या असतात. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. बेल्ट ९० हजार मैलांना बदलायचा आणि त्यासाठी समोरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणून पंपही त्याच वेळी बदलून घेतात. मीही तेच सांगून गाडी गॅरेजला दिली होती.

पुढे काही वर्षांनी अल्टामाँटच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी उभी केली की खाली गुलाबी थेंब. पंप नवा आहे असं कागद सांगत होता, म्हणून पंपाकडे कुणी बघेचना. आधी रेडिएटरची टोपी बदलली, मग थर्मोस्टॅट, शेवटी अख्खा रेडिएटर. ज्याला ज्याला गाडी दाखवली तो आधी बिल वाचायचा आणि म्हणायचा, पंप सोडून दुसरीकडे शोधा. न केलेलं ऑपरेशन केसपेपरवर लिहून ठेवावं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने त्यावरून औषध द्यावं, तसं चाललं होतं.

शेजारी मुलाकडे राहायला आलेले एक काका आहेत, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. ते म्हणाले, "अरे, कागद काय वाचतोस? उघडून बघू."

क्रँक पुलीचा बोल्ट २१७ फूट-पाउंडांनी आवळलेला असतो. गोटी पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून जोर लावला तेव्हा कुठे तो सुटला. कव्हर काढलं. बेल्ट खरोखर बदललेला होता, त्यावरची छापील अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आणि त्याच्याच मागे तो पंप. बोल्टांच्या डोक्यांवर तेल-धुळीचं जुनं किटण, अगदी कडेपर्यंत, अखंड. पाना लागला असता तर कोपऱ्यावर निदान एक चकचकीत ओरखडा दिसला असता. सील गळायला लागलं की पाणी बाहेर पडावं म्हणून पंपाला एक बारीक भोक असतं. त्याच्याखाली सुकलेल्या कूलंटचा गुलाबी थर जमला होता. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "याला कुणी हातच लावलेला नाही. आमच्याकडे जुना पार्ट जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवा मिळायचा नाही."

मला सर्वांत जास्त हे खुपतं की कठीण काम गॅरेजमधल्या त्या माणसाने केलं होतं. रेडिएटर, पंखा, पुली, कव्हर, सगळं काढून तो पंपाच्या तोंडाशी पोचला होता. पुढे थोडेसे बोल्ट आणि एक गॅस्केट. तेवढ्यावर त्याने कव्हर लावून टाकलं.

बाकीचं काम निवांत झालं. टेन्शनर व्हाइसमध्ये अगदी सावकाश दाबून भोकात पिन घातली, नवा पंप आणि नवा बेल्ट चढवला, खुणा जुळवल्या, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. गाडी आता चढावर तापत नाही.

पंप आणि फोटो घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. मॅनेजर शांतपणे म्हणाला, फोटो कोणत्याही गाडीचा असू शकतो, आणि वॉरंटी तर कधीच संपली. न बसवलेल्या पंपाची वॉरंटी कशी संपते, हे विचारलं तर उत्तर नाही. वर लिहिलं की पैशांचं दुःख नाही. पण रेडिएटर धरून बेरीज केली तेव्हा ते झालं, आणि अजून आहे.

प्रत्येकाने हे काम घरी करावं असं मी म्हणणार नाही. काका नसते तर मी त्या बोल्टला हात लावला नसता. पण गाडी दुसऱ्याच्या हाती देताना एक हक्क वापरायलाच हवा. कॅलिफोर्नियात १९७१च्या ऑटोमोटिव्ह रिपेअर कायद्याने, काम सोपवतानाच मागितले तर काढलेले जुने पार्ट गॅरेजला परत द्यावे लागतात. एखादा पार्ट वॉरंटी किंवा बदलीच्या व्यवहारात कंपनीकडे परत जाणार असेल, तर निदान दाखवावा लागतो. तेव्हा एस्टिमेटवर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहून घ्या: जुने पार्ट मला हवेत. आणि गाडी न्यायला जाल तेव्हा ते हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.