अपठित

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी आणि घरकाम आटोपून रात्री पुस्तक उघडत असतील. म्हणून ही स्वयंपाकघरातली हकिगत तुम्हांला सांगावीशी वाटते.

लंडनच्या उपनगरात राहत असताना माझी मुलगी अकरावीत होती. आपल्या अकरावीशी हिची गल्लत करू नका. इंग्लंडमधील अकरावी वयाने आपल्या दहावीच्या जवळची. सोळाव्या वर्षी जी.सी.एस.ई. परीक्षा, त्यानंतर दोन वर्षे ‘सिक्स्थ फॉर्म’, म्हणजे बहुधा तीनच विषयांचा सखोल अभ्यास. गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या अनेक खाजगी शाळा त्यासाठी स्वतःची परीक्षा घेतात, तीही जी.सी.एस.ई.च्या आधी, बहुधा नोव्हेंबरात. पुढे जे विषय शिकायचे त्यांचेच पेपर, मग मुलाखत. फीमाफी मिळाली तरच अशी शाळा आम्हांला परवडणार होती. हे आम्ही मुलीला सांगितले नव्हते. तिला ते ठाऊक होते.

गणितात माझा उपयोग शून्य. इंग्रजीच्या पेपरात मात्र अपठित कवितेचे विवेचन असे, आणि सोलापुरातल्या शाळेत रसग्रहणात मी कधी मार खाल्ला नव्हता. मी तिला साचा दिला: मध्यवर्ती कल्पना, रस, अलंकार, शेवटी भाषासौंदर्य. ऑक्टोबरभर तिने तो इमानाने गिरवला. एके रात्री वही मिटून ती म्हणाली, “आई, यात कोणतीही कविता घातली तरी चालेल.”

मला राग आला. कणीक जरा अधिकच तिंबली गेली. मग तिने विचारले, “तुला स्वतःला काय वाटलं?”

कवितेत एक बाई घर सोडण्यापूर्वी भांडी बांधत होती. मी म्हणाले, “ती बांधत नाहीये, मोजतेय. आजी गेल्यावर माझ्या आईनं अशीच भांडी मोजली. एक तांब्या कमी भरला.”

“कुठल्या शब्दावरून वाटलं, मोजतेय म्हणून?”

आम्ही शोधले. ‘एक’ हा शब्द चार वेळा आला होता. माझ्या साच्यात त्याची सोय ‘पुनरुक्ती’ एवढीच होती. तेव्हापासून आम्ही आधी अडखळलेल्या शब्दाखाली रेघ मारू लागलो. अलंकाराचे नाव, आठवलेच तर, मागाहून. तुम्हीही परीक्षेपूर्वी एखाद्या कवितेवर हे करून पाहा. वेळ जास्त लागतो, हे आधीच सांगते.

एका शाळेचा नकार आला. दुसरीने जी.सी.एस.ई.च्या श्रेणींच्या अटीवर जागा देऊ केली, फीमाफी नाकारली. मुलगी आपल्या जुन्या सरकारी शाळेतच पुढे शिकली. त्या पत्रांचे दुःख मला तिच्याहून अधिक दिवस पुरले, हे कबूल करते.

ती वही अजून आहे. कवितेच्या समासात माझ्या अक्षरात ‘तांब्या’ लिहिलेले आहे. तो कोठे गेला, हे आईला विचारायचे राहून गेले.