लाकडावरची शिरोरेषा

मराठीच्या विभागात दीड-दोन दशके काढलेल्या आम्हा दोघांनी लाकूड कोरण्याच्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर लिहावे, हे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण हा प्रश्न आमच्यापुरता अखेर अक्षराचाच निघाला, म्हणून येथे मांडत आहोत.

आमच्याकडे आहे तो सीएनसी राउटर अगदी लहान. बाजारात तो ‘३०१८’ या आकड्याने ओळखला जातो, कारण त्याचे कोरण्याचे क्षेत्र ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पोळपाटाहून फारसे मोठे नाही. त्यावर देवनागरी पाट्या कोराव्यात एवढीच इच्छा. रंगाऱ्याच्या हातची पाटी आता मिळत नाही, आणि फ्लेक्सवरचे अक्षर पाहवत नाही.

या यंत्राला तीन प्रकारची सॉफ्टवेअर लागतात. एक आकृती काढणारे. दुसरे त्या आकृतीवरून कटरचा मार्ग आखणारे. तिसरे तो मार्ग यंत्राकडून गिरवून घेणारे. तिसऱ्याची चिंता नव्हती. यंत्राच्या पाटीवर ‘ग्रबल’ नावाची, २००९ साली सुरू झालेली मुक्त प्रणाली असते आणि तिला आज्ञा धाडणारे ‘कँडल’ फुकट मिळते. या आज्ञांची भाषा म्हणजे जी-कोड. साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल इतकी ती उघडी आहे. जी० म्हणजे न कोरता वेगाने जा, जी१ म्हणजे कोरत सरळ जा, जी२ आणि जी३ म्हणजे वळण घे, एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरे उलट. विशेषण नाही, अलंकार नाही, केवळ आज्ञार्थ. व्याकरण शिकवणाऱ्याला असली भाषा भेटली की क्षणभर हेवा वाटतो.

खरी निवड पहिल्या दोन कामांची. तेथे आम्ही एक कसोटी ठरवली: ‘विद्यार्थी’ हा शब्द. संगणकाच्या लेखी यात दहा चिन्हे आहेत. ऱ्हस्व वेलांटी ‘व’नंतर साठवली जाते, पण दिसायला हवी ‘व’च्या आधी, ‘द’ आणि ‘य’ यांचे जोडाक्षर व्हायला हवे, रफाराने ‘थी’च्या डोक्यावर चढून बसायला हवे. ही मांडणी करणारी यंत्रणा नसेल तर चिन्हे साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक उभी राहतात, पाय मोडलेली आणि वेलांटी भलत्या जागी. रोमन लिपी गृहीत धरून केलेल्या कोरीवकामाच्या अनेक साधनांत असेच घडते. फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर एरवी आमच्या आवडीचे, पण त्यातली अक्षरे लिहिण्याची सोयही एकेक चिन्ह सुटे मांडत जाते. इंकस्केपमध्ये मात्र ‘विद्यार्थी’ नीट उमटतो. २००३पासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणून शब्द इंकस्केपमध्ये लिहायचा, त्याचे रेषाकृतीत रूपांतर करायचे आणि मग तो पुढे न्यायचा. पुढच्या सॉफ्टवेअरला तो शब्द आहे हे कळण्याची गरजच उरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात आली, ती आम्हाला सगळ्या खटाटोपाचे सार वाटते. शिरोरेषा शब्दाची असते असे आपण मानतो. फाँटमध्ये ती अक्षराची असते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येते आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर किंचित चढते. कागदावर किंवा पडद्यावर काळ्यावर काळे चढले तर दिसत नाही. पण रेषाकृती केली की दोन्ही अक्षरांच्या कडा आत तशाच उरतात, आणि यंत्र त्यांना सीमा समजते. मग शब्दाच्या माथ्यावर ठिकठिकाणी बारीक चिरा उमटतात. उपाय एका आज्ञेचा आहे. इंकस्केपमधील ‘युनियन’ने सगळे तुकडे सांधून घ्यायचे. पैसे टाकून घेतलेले सॉफ्टवेअरही हे काम आपण सांगितल्याशिवाय करील असे धरून चालू नये.

दुसरे काम मार्ग आखण्याचे. आम्हाला हवे होते ते व्ही-कार्व्हिंग. यात टोकदार कटर वापरतात. रेघ जाड होते तेथे तो खोल उतरतो, बारीक होते तेथे वर येतो. ९० अंशांचा कटर असेल तर खोली रुंदीच्या निम्मी: ८ मिलिमीटर जाड काना ४ मिलिमीटर खोल, ४ मिलिमीटरची शिरोरेषा २ मिलिमीटर. बोरूच्या तिरक्या कापातून येणारा जाड-बारीक भेद येथे खोलीत उतरतो आणि पाटीवर तिरका उजेड पडला की सावलीने वाचता येतो. मुंबईच्या लोकलवरील रंगवलेल्या अक्षरांवरून बेतलेला ‘यात्रा वन’ हा मुक्त फाँट यासाठी फार चांगला. सर्वत्र सारख्या जाडीचे फाँट या पद्धतीत निर्जीव वाटतात.

आता पैशांविषयी. आमच्यापैकी एकाची नेमणूक आजही तासिका तत्त्वावर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी मागणारे सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी अशा माणसाला ते महाग, कारण वर्गणीला सुटी नसते. ऑटोडेस्कचे फ्यूजन, २०२४पूर्वीचे फ्यूजन ३६०, वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य मिळते आणि समर्थही आहे. पण २०२० साली कंपनीने त्या विनामूल्य परवान्याची मर्यादा आखली: एका वेळी संपादनास खुल्या दहाच फाइली, आणि जी०ची वेगवान चाल बंद. कटर हवेतून जातानाही लाकूड कापत असल्याच्या गतीने जातो. आमच्या लहान यंत्राला याने फारसा फरक पडत नाही. खुपते ते वेगळेच. दिलेले परत घेता येते हे तेव्हा दिसले. शिक्षकांसाठी शैक्षणिक परवाना आहे, त्यासाठी संस्थेतील नेमणुकीचा पुरावा लागतो आणि तो वर्षागणिक नवा करावा लागतो. ज्याची नेमणूकच सत्रापुरती, त्याने यावर विसंबावे कसे?

एकदाच पैसे देऊन घेण्याजोगे म्हणजे व्हेक्ट्रिकचे व्हीकार्व्ह डेस्कटॉप. किंमत काही शे डॉलर, पण घेतलेली आवृत्ती आपलीच राहते. कामाच्या आकारावर सुमारे दोन फुटांची मर्यादा आहे. ३०१८वाल्याने तिच्यावर हसावे. ते केवळ विंडोजवर चालते. चाचणी आवृत्तीत कोरलेली पाटी पडद्यावर पाहता येते, मात्र स्वतःच्या कामाचा मार्ग जतन करता येत नाही. सुबकपणात ते आम्हाला सर्वांत उजवे वाटले, आणि ज्याला पाट्या विकून पोट भरायचे आहे त्याने दुसरीकडे पाहू नये. याच वर्गातले एस्टलकॅम बरेच स्वस्त आहे.

आम्ही मात्र फ्रीकॅड ठेवले. त्यातही व्ही-कार्व्हची सोय आहे, ग्रबलला समजेल असा जी-कोड ते देते, आणि २०२४च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. शिकायला ते सोपे नाही. आमचे तीन रविवार त्यात गेले. तरी ते ठेवण्याचे कारण पैशांपलीकडचे आहे. युनिकोडपूर्व काळात टंकित केलेले प्रबंध आमच्या पिढीतील अनेकांच्या कपाटात सीडींवर पडले आहेत. फाइल उघडते, पण तो फाँट नसल्याने पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रांग दिसते. कष्टाने लिहिलेले प्रकरण समोर आहे आणि वाचता येत नाही, हा अनुभव ज्याने घेतला त्याला फाइल कोणत्या स्वरूपात राहते हा प्रश्न किमतीहून आधी सुचतो. इंकस्केपची एसव्हीजी फाइल हा साधा मजकूर आहे, जी-कोडही. उद्या ही दोन्ही सॉफ्टवेअर बंद पडली तरी पाटी त्या मजकुरात शाबूत राहील आणि दुसरे कोणीतरी ती वाचेल.

सध्या मोडीच्या नादाला लागलो आहोत. मोडी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली आणि तिचे फाँट आहेत, पण त्यांतही शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनीच येते. मोडी लिहिणारा तर आधी सबंध ओळीची रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. म्हणून फाँट सोडून अक्षरे इंकस्केपमध्ये हाताने रेखली आहेत, आणि फ्रीकॅडमध्ये कोरण्याचा क्रम लावताना रेघ पहिली ठेवली आहे. सागाच्या फळीवर ती या आठवड्यात कोरून झाली. २६ सेंटिमीटर लांब, एकसंध. अक्षरे पुढच्या रविवारी.