वरातीतले 'सैराट'

मे २०१७ मध्ये आमच्या चुलतभावाचे लग्न सांगलीत झाले. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, मुलीकडची मंडळी सांगलीची, आणि नोकरीमुळे आम्ही गेली कित्येक वर्षे सांगलीतच राहत असल्याने वऱ्हाडाच्या उतरण्याच्या जागेपासून फेटे बांधणाऱ्या माणसापर्यंत सगळी व्यवस्था आमच्याकडे होती. नवरी मांडवात आली तेव्हा चार करवल्यांनी तिच्या डोक्यावर फुलांची चादर धरली होती आणि ध्वनिक्षेपकावर 'याड लागलं' चालू होते. व्हायोलिनांचा तो थवा चढत गेला तशी ती पायऱ्या चढत गेली. हा मेळ फोटोग्राफरने आदल्या दिवशी दोनदा करून घेतला होता. संध्याकाळी वरात निघाली. पुढे डॉल्बी आणि डॉल्बीवर 'झिंगाट'. ते चार वेळा वाजले. रात्री दहानंतर आवाज बंद करावा लागतो, म्हणून दहाला दहा मिनिटे कमी असताना कुणीतरी ओरडले, "शेवटचं एकदा लाव की रं!" आणि पाचव्यांदा वाजले. त्या पाचही वेळा आम्ही नाचलो. चाळिशी ओलांडलेला, महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस फेटा सावरत नाचतो आहे, याचे चित्रीकरण त्याच रात्री सगळ्या भावकीच्या फोनवर पोहोचले.

त्या चित्रीकरणामुळेच हा लेख लिहावासा वाटला. लाज वाटते ती नाचल्याची नव्हे.

'सैराट' हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींची कमाई करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, हे वाचकांना ठाऊकच आहे. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी पाश्चात्त्य सिम्फनी वाद्यवृंद वापरला आणि त्याचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केले. करमाळा तालुक्यातल्या उसाच्या फडांची आणि विहिरींची गोष्ट अशी हॉलिवूडच्या वाद्यवृंदाच्या खांद्यावर बसून आली. पाश्चात्त्य रॉक संगीतात 'पॉवर बॅलड' नावाचा एक प्रकार आहे. एकटा आवाज हळू सुरू होतो, एकाच माणसाचे दुःख किंवा वेड सांगू लागतो, आणि मग मागून वाद्यांची लाट येऊन त्या एकट्याचे म्हणणे साऱ्या सभागृहाचे करून टाकते. 'याड लागलं' आणि 'सैराट झालं जी' यांची जातकुळी आम्हाला तीच वाटते. 'झिंगाट' मात्र उघडउघड नाचाचे गाणे.

पण ज्या गोष्टीतली ही गाणी आहेत, ती गोष्ट काय आहे? पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा प्रेमात पडतात, पळून जातात, हैदराबादेत हालअपेष्टांतून संसार उभा करतात, त्यांना मूल होते. मग एके दिवशी मुलीचा भाऊ माणसे घेऊन दारात येतो. आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन येतो. चहा होतो. त्यानंतर जे घडते ते पडद्यावर आवाजाविना दाखवले आहे. ज्या चित्रपटाने एवढा वाद्यवृंद जमवला, तो शेवटी एक सूरही वाजू देत नाही. रक्तात उमटलेली लहानग्याची पावले तेवढी दिसतात.

आणि हीच गाणी आमच्या सातारा-सांगलीकडच्या लग्नांत लागतात. ज्या लग्नांत जात जुळलेली, कूळ जुळलेले, बस्ता दोन्ही घरांच्या मर्जीने बांधलेला, अशा लग्नांत तर हमखास.

असे आपल्याकडेच होते असे नाही. गन्स एन रोझेस या वाद्यवृंदाच्या 'नोव्हेंबर रेन' या विख्यात पॉवर बॅलडच्या १९९२ सालच्या चित्रफितीत आधी लग्न आहे आणि नंतर त्याच नवरीची अंत्ययात्रा. द पोलीस या वाद्यवृंदाचे १९८३ सालचे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे खरे पाहता सोडून गेलेल्या स्त्रीवर पाळत ठेवणाऱ्या माणसाचे गाणे. लग्नांत ते प्रेमगीत म्हणून वाजते. यावर पहिले उत्तर सुचते ते असे की, लग्नात शब्द कुणी ऐकतच नाही. समर्थ रामदासांची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. मंगलाष्टकांतला 'सावधान' हा शब्द ऐकून ते बोहल्यावरून निघून गेले, असे सांगतात. त्यांची समाधी आमच्या सज्जनगडावर आहे. मंगलाष्टके रोज कुठे ना कुठे म्हटली जातात. 'सावधान' शब्दाचा अर्थ ऐकणारा वर मात्र एकच निघाला, आणि त्याची गोष्ट झाली.

हे उत्तर आम्ही वर्गातही दिले होते. कलाकृती एकदा लोकांच्या हाती गेली की तिचा अर्थ लोक ठरवतात, रोलां बार्थने 'लेखकाचा मृत्यू' म्हटले ते हेच, आणि 'सैराट'ची गाणी हे त्याचे आपल्या भागातले ताजे उदाहरण, असे सांगून आम्ही खडू खाली ठेवला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमच्या वस्तीतल्या लग्नात पण झिंगाट लागतं. पण आम्ही शेवट विसरून नाचत नाही. पिक्चरमध्ये ते गाणं पाटलाच्या घरच्या वाढदिवसाला आहे. आमची पोरं तिथं जाऊन नाचत्यात, म्हणून आम्ही नाचतो."

आम्ही चित्रपट दोनदा पाहिला होता, पण हे आमच्या लक्षात आले नव्हते. 'झिंगाट' खरोखरच अर्चीच्या धाकट्या भावाच्या वाढदिवसाच्या जल्लोषात येते, आणि त्याच रात्री ती दोघे पकडली जातात. गाणे तेच, डॉल्बी बहुधा त्याच माणसाचा. पण त्या वस्तीत ते पाटलाच्या अंगणात पाय टाकण्याचे गाणे होते, आणि आमच्या वरातीत त्या अंगणाच्या मालकांचे. तेव्हा लोक शब्द ऐकत नाहीत हे आमचे विधान सगळ्या लोकांविषयी खरे नव्हते. ते आमच्याविषयी खरे होते.

आता घरातली गोष्ट सांगितली पाहिजे.

ज्या भावाच्या वरातीत आम्ही नाचलो, त्याला एक थोरली बहीण आहे. २०१३ मध्ये तिने पुण्यात नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगा तिच्याबरोबर नोकरीला होता, दलित समाजातला होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. ती कुणीतरी वाचली आणि गावात फोन आला. त्या तीस दिवसांत आमच्या घरात जे बोलले गेले ते इथे लिहिणार नाही. कुणी हात उगारला नाही. तिला मारून टाकण्याची भाषा एकानेच केली आणि त्याला गप्प बसवण्यात आले, एवढ्यावर आम्ही स्वतःला सुधारक समजत आलो. लग्नाला आमच्यापैकी कुणी गेले नाही. चुलत्यांनी तिचे नाव घेणे सोडले आणि मग सगळ्यांनीच सोडले.

मुलीची पाठवणी होताना आमच्याकडचे बँडवाले कित्येक वर्षे 'गंगा-जमुना' वाजवत आले. लताबाईंनी गायलेले आणि वसंत प्रभूंनी स्वरबद्ध केलेले हे गीत पी. सावळाराम यांचे. ते आमच्या सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या येडे निपाणीचे. मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. लेकीच्या जाण्याचे दुःख आणि ती सुखाने जावी ही इच्छा, दोन्ही त्यात एकत्र आहेत. मुलगी घरातून जाणार ती कुणाच्या तरी हातून दिली जाऊन, हे त्या गाण्याने गृहीतच धरले आहे. जी स्वतः जाते तिच्यासाठी बँडवाल्यांकडे गाणे नाही. 'सैराट'ने अशा मुलीला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात गाणे दिले. आणि आम्ही ते तिच्याकडून घेऊन, ज्यांना आधीच सनई, बँड आणि मंगलाष्टके होती, त्यांच्या वरातीला लावले.

२०१६ च्या दिवाळीत काकींनी आम्हाला गुपचूप बोलावून एक पिशवी दिली. आत साडी, खण, चिवड्याचा डबा आणि नातीसाठी पैंजण होते. "तू पुण्याला जातोस न्हवं कामाला, पोरीला दे. कुणाला सांगू नगंस," एवढेच म्हणाल्या. आम्ही पत्ता काढला आणि न कळवता गेलो, कारण आनंदाचा धक्का द्यावा असे आमच्या मनात होते. बेल वाजवली. दार चार बोटे उघडले आणि आतली साखळी ताणली गेली. फटीतून तिच्या नवऱ्याने आमच्याकडे पाहिले. मग त्याची नजर पिशवीवर गेली आणि तिथेच थांबली. त्याने विचारले, "एकटेच आलाय का?"

आम्ही हो म्हणालो. त्याने जिन्याकडे पाहिले. आतून तिने विचारले, "कोण आहे?" त्याने आमचे नाव सांगितले, ती क्षणभर काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "दादा आहे, उघडा." साखळी निघाली. मुलगी शेजारी खेळत होती. तिला मात्र आणायला कुणी गेले नाही. चहा झाला. तो पिऊन संपेपर्यंत दोघांपैकी कुणीही आमच्याकडे पाठ केली नाही. परतीच्या एसटीत, शिरवळ मागे पडल्यावर, आम्हाला तो चित्रपट आठवला: माहेरची माणसे, आईने दिलेल्या वस्तू, चहा. आम्ही चांगले काम करायला गेलो होतो आणि नेमका तोच प्रसंग घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो होतो.

हे कळल्यानंतर सात महिन्यांनी आम्ही वरातीत नाचलो. त्या लग्नाचे निमंत्रण तिला नव्हते. पत्रिकेवर करवल्यांची नावे होती, चिमुकल्यांच्या लाडिक आग्रहाखाली अकरा नावे होती. तिचे नव्हते, तिच्या मुलीचेही नव्हते. चित्रीकरण तिच्यापर्यंत पोहोचलेच. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रागावली नव्हती. "चांगलं नाचला की दादा," म्हणाली. मग थोडे थांबून, "आई कुठं दिसली नाही त्यात." काकी वरातीला आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून कार्यालयातच बसून राहिल्या होत्या, आणि हेही आम्हाला तिने विचारल्यावरच आठवले.

या लेखात आम्ही सुरुवातीपासून 'आम्ही' म्हणत आलो आहोत. निबंध लिहिणाऱ्यांची ती जुनी सवय आहे. पण घरात काही निर्णय घेतला गेला की त्यात 'आम्ही' असतो आणि निर्णय घेणारा कुणीच सापडत नाही, हेही आता ध्यानात येते.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांना लग्नाच्या बाबतीत वेगळे काही सुचलेच नव्हते असे मात्र नाही. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आमच्याच खटाव तालुक्यात आहे. १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीची लग्ने लागू लागली. त्यांच्यासाठी फुल्यांनी मंगलाष्टके रचली, आणि त्यांत वर-वधू एकमेकांशी बोलतात. वधू हक्क मागते, वर वचन देतो. म्हणजे तिथे शब्द ऐकल्याशिवाय लग्नच लागत नाही. पुढे १९४३ ते १९४६ या काळात, सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा असताना, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्रीसरकारने गावोगाव कमी खर्चातली 'गांधी लग्ने' लावली. आमच्या आजोबांचे लग्न तसेच झाले, हे घरात अभिमानाने सांगतात. तीच माणसे नोटिशीच्या फलकाला घाबरली.

आता धाकट्या चुलतभावाचे लग्न ठरले आहे. याही वेळी डॉल्बी ठरवायचे काम आमच्याकडे आले आहे. गेल्या महिन्यात पत्रिकेचा मजकूर ठरवायला सगळे बसले, तेव्हा आम्ही म्हणालो की करवली म्हणून तिचे नाव पहिले छापावे आणि निमंत्रण द्यायला घरातल्या कुणीतरी पुण्याला जावे. चुलते उठून बाहेर गेले. नवरा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मला चालंल." काकी काही बोलल्या नाहीत, पण आतून नातीच्या नावाची चिठ्ठी लिहून घेऊन आल्या, नाव शाळेत आहे तसेच, वडिलांच्या नावासकट, पूर्ण छापायचे म्हणाल्या.

छापखान्याकडे मजकूर अजून गेलेला नाही. आम्ही पुण्याला फोन करून या घडामोडी सांगितल्या. दाजी म्हणाले, "या तुम्ही. येताना काकींना घेऊन या." त्यांना दाजी म्हणायला आम्हाला बरीच वर्षे लागली. येत्या रविवारी काकींना घेऊन निघायचे आहे. या वेळी निघताना कळवणार आहोत, आणि फाटकाशी पोहोचल्यावर पुन्हा एकदा.