बासरीतली हवा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने रचली, त्याच्यावर वाकड्या अंगणात नाचण्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. शिकणाऱ्याला गप्प करण्यासाठी इतकी सोयीची म्हण मराठीत दुसरी नाही. बासरी शिकणाऱ्याच्या वाट्याला तर ती हटकून येते. सुराच्या आधी आणि सुराबरोबर हवेची सूं सूं ऐकू आली, की भोवतालचे सर्वजण एकमुखाने निदान करतात : रियाज कमी पडतो आहे. आम्हांलाही दोन वर्षे हेच ऐकवण्यात आले, आणि आम्ही रियाज वाढवत नेला. ओठ सुजले, शेजारी कंटाळले. सूं सूं मात्र होती तेवढीच राहिली.

ही हवा येते कोठून? ओठांच्या फटीतून निघालेली हवेची पातळ पट्टी मुखरंध्राच्या पलीकडच्या काठावर आदळते आणि काठाच्या आत-बाहेर वेगाने हेलकावू लागते. नळीतल्या हवेने त्या हेलकाव्याला साथ दिली की सूर उठतो. जी हवा या व्यवहारात सामील होत नाही, ती नुसती खळबळ होऊन बाहेर पडते. ओठांची फट रुंद असेल किंवा पट्टी काठ चुकवून जात असेल, तर दोष वाजवणाऱ्याचा. परंतु काठच बोथट असेल, रंध्र वाजवीपेक्षा मोठे कोरलेले असेल, आतले बूच सैल असेल, किंवा बांबूला केसाएवढी चीर गेली असेल, तर प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने फुंकली तरी हवा येणारच. पंचाईत अशी, की कानाला या दोन्ही हवा सारख्याच ऐकू येतात.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाला हा भेद ठाऊक होता. त्याच्या वाद्याध्यायात वंशाची, म्हणजे बासरीची, घडण आणि मापे येतात, तसेच फुंकेचे गुणदोषही येतात. स्निग्धता, घनता असे शब्द तो फुंकेसाठी वापरतो. वाद्य एकीकडे, फुंक दुसरीकडे. आमच्या काव्यपरंपरेने मात्र ही फारकत केली नाही. गौळणींतली मुरली कधी हवेशीर वाजत नाही. गाई थबकतात, घरकाम टाकून गोपी धावतात. पण ‘आज काही सूर नीट लागला नाही’ असे एकही गोपी म्हणत नाही. पोकळ वेळूचे रूपक तर भक्तीच्या विवेचनात पुनःपुन्हा येते : आत अहंकार उरला नाही म्हणून देवाची फुंक वाजते. रूपक सुंदर आहे, पण कारागिराला विचारावे. नुसते पोकळ असून भागत नाही. भिंत किती जाड, आतला पृष्ठभाग किती गुळगुळीत, पोकळी किती गोल, यावर सगळे अवलंबून असते. पोकळ तर पपईचा देठही असतो.

हवा हा मुळात दोषच का मानावा, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो रास्त आहे. रूमीची ‘मस्नवी’ ज्या बोरूच्या विलापाने सुरू होते, त्या नेच्या आवाजात श्वास मिसळलेला असतोच. जपानच्या शाकुहाचीत तर श्वासाचा खरखरीत झोत हा वादनाचाच एक भाग आहे. पण आपण कोणते संगीत वाजवू पाहतो, यावर उत्तर ठरते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बत्तीस इंचांची लांब बासरी घडवली, ती ख्यालाची गायकी तिच्यातून निघावी म्हणून. तंबोऱ्याशेजारी मंद्र पंचम लावून त्यावर थांबायचे, तेथून मींड घेत षड्जाला यायचे, तर सुराला अंग हवे. तेथे सूं सूं म्हणजे ख्यालगायकाचा बसलेला घसा.

अखेर एके दिवशी गुरुजी म्हणाले, “आण पाहू ती इकडे.” सहाही भोके बंद करून त्यांनी मंद्र पंचम लावला. त्यांच्याही सुरात हवा आली. त्यांनी बासरी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “ही बदल.” सुटका झाल्याचा आनंद आणि दोन वर्षांचा संताप एकाच वेळी अनुभवण्याचा तो प्रसंग. विकणाऱ्याने ‘मैफलीची’ म्हणून दिलेली ती बासरी परत न्यावी, तर त्याने बांबू ही नैसर्गिक वस्तू असते असे तत्त्वज्ञान ऐकवले. वर्गात एखादी कविता पोचत नाही तेव्हा विद्यार्थ्यालाच ‘वाचन वाढव’ असे सांगणारे आम्ही अध्यापकही काही वेगळे करत नाही. कवितेलाही कधी चीर गेलेली असते, आणि मुरलेल्या वाचकाच्या ओठीही ती हवाच देते. पण ती पाठ्यपुस्तकात असल्यामुळे परत नेण्याची सोय नसते.

नवी बासरी निवडताना कारागिराने एकाच मापाच्या, पांढरी तीनच्या, नऊ बासऱ्या सतरंजीवर मांडल्या. अशा लांब बासरीला गाठ न येता दीड-दोन हात सरळ जाणारे पेर लागते; तसला बांबू आसामकडून येतो आणि उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतसारख्या गावात त्याच्या बासऱ्या होतात. आम्ही प्रथम फक्त मंद्र पंचम लावत गेलो. चार बासऱ्या तेथेच गळाल्या. उरलेल्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावून, टोक तळव्याने दाबून, मुखरंध्राने हवा ओढली. ओठ चिकटून राहिला तर नळी अभंग; एकीत तो चिकटला नाही. मग गुरुजींनी वाजवायचे आणि आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायचे, असे ठरले. ही युक्ती सर्वांत मोलाची. श्वासाची खसखस वाजवणाऱ्याच्या कानाशी मोठी असते आणि दहा पावलांवर बरीचशी विरते. जी तेवढ्या अंतरावरही ऐकू येते, तिची काळजी करावी. सर्वांत मोठ्या आवाजाची बासरी दुरून ऐकता पसरट निघाली. तिचे रंध्र मोठे होते, आणि ते भरायला लागणारा दम आमच्याकडे नव्हता. घेतली ती दिसायला सामान्य, पातळ भिंतीची, एका बाजूला डाग असलेली.

तिचा मंद्र पंचम पहिल्याच दिवशी भरीव लागला. तार गंधारावर अजून हवा येते. गुरुजींच्या ओठी तीच बासरी त्याच गंधारावर स्वच्छ वाजते, तेव्हा ती हवा कुणाची हे आता विचारावे लागत नाही. फाल्गुन लागला की कोरड्या हवेत बांबू तडकतो, म्हणून तिला आतून मोहरीच्या तेलाचा हात द्यायचा आणि कापडात गुंडाळून ठेवायचे, एवढे कारागिराने बजावले आहे.