आठ केईव्हीचं तांबं

पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी माझं घर आहे. सकाळी हातोड्या सुरू झाल्या की दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नाहीत. बंबाला, घंगाळाला मठार द्यायचं काम चालू असतं. त्या आवाजात पाहुण्यांना फोनवर बोलता येत नाही. मला तो ऐकूच येत नाही. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि सुटी लागली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एक्स-किरणांचे वर्णपट काढत बसतो.

हे काम मला आयुकामुळे लागलं. 1988 साली ही संस्था उभी राहिली तीच मुळी विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्राची दारं उघडावीत म्हणून, आणि तिचे पहिले संचालक नारळीकर सर यांनी ते मनावर घेतलं होतं. माझ्यासारख्या तास, पेपर तपासणी आणि परीक्षेच्या ड्युट्यांत अडकलेल्या माणसाला गणेशखिंडीतल्या त्या आवारात चार दिवस बसायला मिळतं, ही त्याचीच पुण्याई.

तिथल्या कार्यशाळेत सुरुवात अर्थातच ॲस्ट्रोसॅटपासून झाली. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून गेलेला हा आपला उपग्रह. त्यावरची मृदू एक्स-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्या कॅमेऱ्याची चिप इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठाकडून आली. या कॅमेऱ्याच्या चार कोपऱ्यांत किरणोत्सारी लोखंडाचे इवलेसे ठिपके बसवलेले आहेत. त्यांतून 5.9 केईव्ही, म्हणजे किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एक्स-किरण सतत निघत असतात, त्यामुळे वर गेल्यावर मोजपट्टी सरकली तर लगेच कळतं.

मुळात कॅमेऱ्यातून वर्णपट निघतो कसा, हे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. प्रिझम नाही, जाळी नाही, नुसती सिलिकॉनची चिप. उत्तर सोपं आहे. साध्या प्रकाशाचा एक फोटॉन चिपवर पडला की जेमतेम एक इलेक्ट्रॉन सुटतो. एक्स-किरणाचा फोटॉन दांडगा; सिलिकॉनमध्ये दर साडेतीन-पावणेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन, या हिशेबाने लोखंडाच्या 6.4 केईव्हीच्या फोटॉनपासून साडेसतराशेच्या आसपास इलेक्ट्रॉन सुटतात. ते मोजले की फोटॉनची ऊर्जा कळली. अट एकच, दुसरा फोटॉन चिपच्या त्याच घरात, म्हणजे पिक्सेलमध्ये, येऊन पडायच्या आत चिप वाचून झाली पाहिजे. म्हणून हाती येतो तो फोटो नसतोच, एक भलीमोठी यादी असते: कधी आला, कुठे पडला, केवढ्याचा होता. जागेनुसार मांडली की चित्र, ऊर्जेनुसार मांडली की वर्णपट.

अभ्यासासाठी मी निवडलेली दीर्घिका ॲस्ट्रोसॅटसाठी मंद होती, तेव्हा युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीची जुनी निरीक्षणं घेतली. 10 डिसेंबर 1999 ला गेलेली ही दुर्बीण म्हणजे खरं तर तीन दुर्बिणींची जुडी. तिच्यातल्या तिन्ही दुर्बिणींत एकात एक बसवलेले प्रत्येकी 58 सोनेरी मुलाम्याचे आरसे आहेत. ठरावीक मुदत संपली की तिची निरीक्षणं सगळ्यांना खुली होतात. कसब्यातल्या माणसाला माद्रिदजवळच्या त्या कोठारातून ती उतरवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. ब्रॉडबँड तेवढं हवं.

पहिलं काम गाळण्याचं. पृथ्वीभोवतीचे प्रोटॉन मधूनच लोंढ्याने येतात, आरशांवरून घसरत कॅमेऱ्यात शिरतात आणि एक्स-किरणांची सोंगं घेतात. 10 केईव्हीच्या वर दुर्बिणीला खऱ्या वस्तू फारशा दिसत नाहीत, म्हणून तिथलाच आलेख वेळेनुसार काढायचा. जिथे उंचवटे दिसतील तो वेळ कापून टाकायचा. आमच्या निरीक्षणाचा मोठा लचका यातच गेला. पर्याय नाही. मग एका फोटॉनचा ठसा किती घरांत पसरला ते पाहून वेडेवाकडे ठसे वगळायचे, दीर्घिकेभोवती वर्तुळ काढायचं, आणि दुसरं वर्तुळ रिकाम्या आकाशावर. पहिल्यातून दुसरं वजा.

खरी मेख या दुसऱ्या वर्तुळात आहे, आणि पुस्तकं त्याला दोन ओळी देतात. एक्सएमएमच्या तीन कॅमेऱ्यांपैकी पीएन नावाच्या कॅमेऱ्याचं बोलतो. रिकामी जागा दीर्घिका ज्या चिपवर आहे त्याच चिपवर हवी. चिपच्या वाचन-कडेपासून तेवढ्याच अंतरावर हवी, कारण इलेक्ट्रॉन कडेपर्यंत सरकताना वाटेत थोडे गळतात आणि ती गळती अंतरावर ठरते. जवळपास दुसरी वस्तू नको. चिप वाचत असताना पडलेल्या फोटॉनांमुळे तेजस्वी वस्तूमागे जी पुसट रेघ उमटते, तीही नको. कसब्यात चारचाकी लावायला जागा शोधण्यासारखंच हे. सापडते, पण तिथे आधीच कुणीतरी उभं असतं.

त्यात तांब्याची भर. कॅमेऱ्याच्या चिपांखाली विजेच्या जोडण्यांचा बोर्ड आहे. अवकाशातले वेगवान कण त्यावर आदळले की बोर्डातले धातू स्वतःचे एक्स-किरण सोडतात: निकेल 7.5 ला, तांबं 8.05 ला, जस्त 8.6 ला. मात्र बोर्डाचा मधला भाग कापलेला असल्यामुळे चित्राच्या मध्यावर हे उजळणं जवळजवळ नसतं. दीर्घिका असते मध्यावर. म्हणजे रिकामी जागा कडेला घेतली तर जे तांबं दीर्घिकेच्या वर्तुळात नाहीच, ते आपण त्यातून वजा करतो, आणि वर्णपटात 8 केईव्हीला खड्डा पडतो. न जाणणाऱ्याने तो खड्डा शोषणाचा समजून त्यावर सेकंदाला हजारो किलोमीटरने सुटलेल्या वायूचा झोतसुद्धा बेतला असता. मी मुद्दाम दोन्ही करून पाहिलं. कडेच्या वर्तुळाने खड्डा पडला. आत सरकवल्यावर बुजला.

फक्त 7.8 ते 8.2 केईव्हीचे फोटॉन घेऊन चित्र केलं, तर मध्ये काळं भोक आणि भोवती उजळ पट्टा असं दिसतं. ते पडद्यावर असताना शेजारचे काका आले होते, आमच्या तपेल्याचा दांडा डागून द्यायला. त्यांची अख्खी हयात तांब्यात गेली.

"काय रे, हे काय?"

"तांबं आहे, काका. वर उपग्रहात आहे ते."

"मधे भोक कशाला?"

"तिथला बोर्ड कापलाय."

त्यांनी चष्मा वर केला. मी वर्णपट दाखवला, 8.05 ची उंच रेषा आणि शेजारची बुटकी. ही बुटकी कुठली म्हणून विचारलं. जस्त, म्हटलं.

"तांबं आणि जस्त? मग पितळ म्हण की सरळ!"

बोर्डावर पितळ आहे असं त्यावरून ठरत नाही, दोन्ही धातू वेगवेगळ्या जागी असू शकतात, हे मी समजावायला गेलो. त्यांनी हात उडवला. पत्रा जाड आहे का, एवढंच विचारलं. पातळ थर आहे म्हणताच त्यांचा रस संपला; तपेलं ठेवून, पैसे नको म्हणत गेले.

पुढचं तसं ठरावीक. दोन्ही वर्तुळांचं क्षेत्रफळ सारखं नसतं, चिपांमधल्या फटी आणि खराब घरं धरून त्याचं गुणोत्तर काढायचं. कॅमेरा कुठल्या ऊर्जेला किती चुकतो आणि आरसे कुठल्या ऊर्जेला किती गोळा करतात, या दोन फाइली तयार करायच्या. मग एका कप्प्यात निदान वीस-पंचवीस फोटॉन तरी पडतील असे कप्पे जोडायचे आणि प्रारूप बसवायचं. लोखंडाची रेषा आली, 6.4 च्या किंचित खाली. दीर्घिका आपल्यापासून दूर जाते आहे, तेव्हा तिने तिथेच असायला हवं. रेषा रुंद आहे की नुसती बारीक, हे एवढ्या फोटॉनांवर सांगण्याची माझी तयारी नाही, आणि जे सांगतात त्यांचं दुसरं वर्तुळ कुठे होतं ते मी आता आधी बघतो.

ॲस्ट्रोसॅटला हा जागेचा प्रश्नच वेगळा. त्याच्या दुर्बिणीत एका ताऱ्याचं चित्र इतकं पसरतं की चौकटीत रिकामी म्हणावी अशी जागा फारशी उरत नाही. म्हणून मुंबईच्या गटाने रिकाम्या आकाशाची निरीक्षणं एकत्र करून एक तयार फाइल दिली आहे. तीच सगळे वापरतात. सोय आहे, पण आपलं वर्तुळ आपण हलवून बघायची संधी जाते. मला ते थोडं खटकतं.

सध्या एक्सएमएमचे उरलेले दोन कॅमेरे घेतले आहेत. त्यांच्यात तांब्याचा त्रास नाही. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मात्र दीड ते पावणेदोन केईव्हीत ठाण मांडून आहेत, तेव्हा रिकामी जागा पुन्हा नव्याने शोधणं आलं.