पाण्याने मोजलेली आग

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीत कौतुक होते ते उटण्याचे आणि सुवासिक तेलाचे. पाणी तापवणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही. आमच्या घरी हे काम आजीकडे असे. पहाटे तीनला ती तांब्याच्या बंबाशी बसे. गवऱ्या आणि जोंधळ्याची धसकटे घालून झाली की डोळे मिटून नुसती ऐकत राही. बंब घुमत असला तर ठीक. ओरडू लागला की ती जळण मागे ओढी. आगीला कान असावा लागतो, हे मी तिच्याकडून शिकलो.

बंब गेला, पण तसा कान असलेली माणसे आहेत. त्यांतले एक मला शिर्डीत भेटले. माझ्या मामेभावाचे तिथे छोटे लॉज आहे. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली गॅसवर चालणारे दोन मोठे हीटर, आणि शेडला लागूनच्या खोलीत झोपणारा लॉजचा पोऱ्या. चतुर्दशीला दोन दिवस उरलेले, सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि पाणी मात्र कोमटच्या पुढे जाईना!

शिर्डीत सूर्याला कामाला लावण्याचा उद्योग नवा नाही. २००९ साली प्रसादालयाच्या गच्चीवर वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेच्या ७३ तबकड्या बसवल्या गेल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरची. त्या उन्हामागे वळत आणि त्यांच्या वाफेवर यात्रेकरूंचे अन्न शिजे. पण यात्रेकरूला आंघोळ हवी काकडआरतीपूर्वी, म्हणजे सूर्यनारायण गाढ झोपेत असताना. तेव्हा गॅसला पर्याय नव्हता.

मिस्त्री पहाटेच आले. पिशवीतून त्यांनी एक फळी काढली. तिच्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी, आत तांबडे पाणी, बाजूला पट्टी. नळीचे एक टोक त्यांनी गॅसच्या वाटेला जोडले. एका बाजूचे पाणी खाली गेले, दुसऱ्या बाजूचे वर चढले. दोहोंत ३० सेंटिमीटरांचे अंतर. हीटरच्या पाटीवरही चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम एवढाच दाब लिहिलेला. आगीचा जोर पाण्याने मोजायचा, ही गंमत मला फार आवडली.

दुसरा हीटर पेटवला आणि अंतर २२ वर आले. ज्योत पिवळी, मलूल झाली.

"पिळा की चावी थोडी," भाऊ म्हणाला. दुसऱ्या सिलिंडरची अनामत, जोडणी, नळ्या हा खर्च त्याला दिवाळीच्या तोंडावर नको होता. गेल्या वर्षीचे कर्ज अजून फिटायचे होते.

मिस्त्रींनी सिलिंडरवरून हात फिरवला. अर्ध्यापर्यंत तो ओला, बर्फासारखा गार. आतला द्रव गॅस होताना आपलीच ऊब खातो. पहाटेच्या गारठ्यात १९ किलोच्या एका सिलिंडरला दोन हीटरांची भूक भागवता येत नव्हती.

"शेठ, आता चावी पिळली तर आजची वेळ निभेल," ते म्हणाले. "दुपारी सिलिंडर तापेल, एकच हीटर चालू राहील, अन् दाब चाळिशीला जाईल. गॅस जास्त, हवा कमी. काजळी दिसेल तरी. पण तिच्याबरोबर जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास." आणि शेडलगतच्या खोलीकडे बोट दाखवून, "पोरगं तिथं झोपतं ना?"

भाऊ गप्प झाला. मग मोबाइल काढून त्याने कोणाशी तरी पैशांचे बोलणे केले.

संध्याकाळी दुसरे सिलिंडर जोडले गेले. फेसाचे पाणी लावून मिस्त्रींनी प्रत्येक सांधा पाहिला. दोन्ही हीटर पेटवले. तांबडे पाणी २९ वर थांबले. चावी अगदी किंचित फिरवून त्यांनी ते ३० वर आणले. ज्योत निळी, आखूड, आवाज एकसारखा. ते क्षणभर डोळे मिटून ऐकत राहिले, आणि मला बंबाशी बसलेली आजी दिसली.

पोऱ्याची खाट मात्र भावाने त्याच रात्री खाली जिन्याजवळ हलवली. मिस्त्रींनी मजुरी मोजून घेतली आणि हात धुवायला एक तांब्या ऊन पाणी मागितले.