डी-डायमर लिहिण्याआधी

अचानक धाप लागलेला, श्वास घेताना छातीत कळ येणारा रुग्ण समोर आला की फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली असेल का, ही शंका येते आणि हात लगेच डी-डायमरच्या चिठ्ठीकडे जातो. तो क्षणभर थांबवावा, असं माझं ठाम मत आहे. शक्यता किती, हे आधी ठरवलं नसेल तर अहवालाचा अर्थ लागत नाही. ही तपासणी गुठळी असलेल्या 100 पैकी 95 जणांना पकडते आणि गुठळी नसलेल्या 100 पैकी 40 जणांनाच मोकळं करते, असं ढोबळपणे धरू. शक्यता 5 टक्के असलेल्या 100 जणांत जवळपास 60 अहवाल पॉझिटिव्ह येतील, त्यांत गुठळीचे पाचच. उलट शक्यता 50 टक्के असेल, तर निगेटिव्ह आलेल्या दर नऊ जणांत एकाला गुठळी असेलच.

ही शक्यता गुणांनी ठरवणारा वेल्स स्कोअर कॅनडात तयार झाला, तो पांढरकवड्यात कसा चालेल, हा आक्षेप रास्त आहे. विदर्भात सिकलसेल आहे. त्या रुग्णांत डी-डायमर एरवीही वाढलेला असतो, गुठळीचा धोकाही जास्त, आणि स्कोअरमध्ये या आजाराला गुणच नाहीत. बाळंतिणीलाही नाहीत. थुंकीतून रक्त आलं तर इथे आधी क्षयरोग आठवतो, आणि आठवायलाच हवा. मात्र क्षयरोगातही गुठळीचा धोका वाढतो, म्हणून थुंकीतल्या रक्ताला स्कोअरमध्ये असलेला एक गुण खोडू नये. पण वेल्स यांनीच तब्बल 3 गुण ‘दुसरं निदान याहून कमी संभवतं’ या डॉक्टरच्या मतासाठी ठेवले आहेत. आपल्या भागाची माहिती वापरायची जागा तीच. हे मत व्यक्तिनिष्ठ आहे, हे खरं. म्हणून ते अहवाल हाती येण्याआधी केसपेपरवर लिहावं, आणि एका पायाची सूज, 100 च्या वरची नाडी, चार आठवड्यांतली शस्त्रक्रिया, तीन दिवसांचं अंथरूण यांच्याशी ताडून पाहावं.

मग सरसकट सीटी अँजिओच का नको? तरुण बाईच्या स्तनांना किरणं, दुबळ्या मूत्रपिंडांना कॉन्ट्रास्टचा ताण, आणि एखादी बारीकशी शंकास्पद गुठळी दिसली की महिनोन्महिने रक्त पातळ करणारी गोळी. त्यात यवतमाळ किंवा नागपूरपर्यंतचा प्रवास आणि घरच्यांची बुडालेली मजुरी. मात्र शक्यता दाट असेल तिथे डी-डायमरची वाट पाहणं हाच धोका आहे. रक्तस्रावाची भीती नसेल तर हेपारिन इथेच सुरू करावं, आणि अंदाज कशावरून बांधला ते चिठ्ठीत लिहूनच रुग्ण पुढे पाठवावा.